करपा, मर आणि आमचा एक टोमॅटो

टोमॅटोच्या झाडाची खालची दोन-चार पानं पिवळी पडली, एवढंच खरं तर घडलं होतं. माझे केस पांढरे झाले तेव्हा कोणी सभा बोलावली नव्हती. घरातल्यांच्यासुद्धा ते उशिरा लक्षात आलं. पण आमच्या सोसायटीत माणसांपेक्षा झाडांकडे लक्ष जास्त. पान पिवळं पडलं, त्यावर तपकिरी ठिपके आले आणि जिन्यात भेटणारा जो तो मला "कसं आहे आता?" असं विचारू लागला. आवाज असा की घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलं असावं.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर प्रत्येक घराच्या वाट्याला एक वाफा आहे. विटांची कड, आत माती, आणि एका माणसाला पाय दुमडून आडवं होता येईल एवढी जागा. आमचा वाफा कागदोपत्री माझ्या नावावर असला तरी तो बायकोचा. माझ्याकडे फक्त पाणीपुरवठा, म्हणजे बादल्या वर नेणं, कारण लिफ्ट गच्चीच्या एक मजला अलीकडेच थांबते. ती तशी का थांबते हा वेगळा विषय आहे आणि त्यासाठी सोसायटीची वेगळी उपसमिती आहे.

टोमॅटो गच्चीवर सगळेच लावतात, बायकोही लावते, पण बाजारातले नव्हेत, तिच्या आईचे. लिंबापेक्षा लहान, एका घासात मावणारे, आणि चवीला असे की त्यापुढे बाजारातला टोमॅटो नुसता पाणी प्यायलेला वाटावा. दर हंगामात पहिलं पिकलेलं फळ खायचं नाही, बियांसाठी ठेवायचं, ही सासूबाईंची शिस्त. त्या गेल्या, घर विकलं गेलं, भांडीकुंडी भावंडांत वाटली गेली, आणि बायकोनं फक्त बियांची पुडी मागून घेतली. यंदा त्या पुडीला ओल लागली. बरंच बी कुजलं. वाचलं ते सगळं तिनं पेरलं. म्हणजे सासूबाईंचं जे काही या जगात उरलं होतं ते आता आमच्या वाफ्यात उभं होतं आणि पिवळं पडत होतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या वहिनी म्हणाल्या, साबणाचं पाणी मारा. त्यांच्या यजमानांनी लगेच दुरुस्ती केली की साबण नको, राख. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी झाडांशी प्रेमाने बोला असं सुचवलं. मी एकदा कोणी बघत नाहीसं पाहून प्रयत्न केला, पण "काय म्हणता?" याच्या पुढे मला काही सुचेना. ओळख नसलेल्यांशी बोलायला मला आधीपासूनच जमत नाही.

तळमजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. सगळी इमारत त्यांना मागून 'विश्वकोश' म्हणते, आणि हे माहीत असूनही, किंवा असल्यामुळेच, ते खूष असतात. त्यांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि बायकोकडे एक नजर टाकून म्हणाले, "करपा असू शकेल. भुरी असू शकेल. तांबेराही नाकारता येत नाही. सगळ्या बुरशीच. आणखी एक शक्यता आहे, पण ती मी वहिनींसमोर बोलणार नाही."

ती शक्यता सेक्रेटरी बोलले. सेक्रेटरी पूर्वी एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी कारखाना सोडला, सुरक्षा सोडली नाही. रोज सकाळी शर्टाच्या खिशात कात्री अडकवून ते गच्चीवर फेरी मारतात, प्रत्येक वाफ्यातलं एकेक पान कापतात, उजेडासमोर धरतात, "हं" म्हणतात आणि पुढच्या वाफ्याकडे जातात. याला ते निरीक्षण म्हणतात. आमच्या वाफ्यापाशी त्या दिवशी ते दोनदा "हं" म्हणाले.

"मर," ते म्हणाले. "मर लागलीय. करपा असता तर मी काही बोललो नसतो. करपा पानांवरचा. रोगट पानं काढली, औषध मारलं, झाड सावरतं. मर मुळातून येते आणि मातीत मुक्काम करते. त्याला इलाज एकच, झाडं उपटायची आणि माती पोत्यात भरून बाहेर काढायची."

"पण मरच आहे कशावरून?" मी म्हणालो.

"घरचं बी," ते म्हणाले. "पाकिटातलं बी वापरलं असतं तर ही वेळ आली नसती."

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. 'गच्चीवरील एका वाफ्यातील घरगुती बियाण्यामुळे उद्भवलेल्या परिस्थितीचा विचार करण्यासाठी रविवारी सकाळी सभा.' नाव दिलेलं नव्हतं. पण खाली वाफ्यांचा नकाशा होता आणि आमच्या वाफ्यावर लाल पेनानं फुली होती.

बायको सूचना वाचून घरी आली आणि भांडी लावू लागली. ती चिडली असती तर मी तिला शांत केलं असतं. त्या कामात माझा हात बसलेला आहे. पण तिनं सगळी भांडी लावली, मग ती फडताळातून काढून परत लावली. मग म्हणाली, "एक तरी फळ पिकू दे. मग खुशाल उपटा म्हणावं." त्या क्षणी मी ठरवलं की या सेक्रेटरीला विज्ञानानं हरवायचं. माझा विज्ञानाशी संबंध शाळेत तुटला होता, पण तो काही भांडून तुटलेला नव्हता.

बायकोची भाची एका शेती संशोधन केंद्रात काम करते. तिला फोन केला. ती म्हणाली, "काका, नुसतं बघून करपा की मर हे मीसुद्धा छातीठोक सांगणार नाही. पण आमच्याकडे एक पोर्टेबल यंत्र आहे. पान कुटायचं, द्रावणात टाकायचं, थोडं गरम करायचं आणि थेंब यंत्रात सोडायचा. त्या थेंबात ज्या ज्या जिवाची जनुकं असतील ती यंत्र वाचतं आणि कोण कोण आहे ते सांगतं. डब्याएवढं आहे. शेताच्या बांधावर बसूनही करता येतं."

"मग उद्या घेऊन ये की!"

भाची हसली. सरकारी माणसासारखी हसली, ते मला तेव्हा कळलं नाही.

यंत्र बाहेर काढायचं तर भांडारपालाची परवानगी लागते. मी रजा टाकून स्वतः गेलो. भांडारपाल एका काचेच्या खिडकीमागे बसतात आणि खिडकीला आवाज जाण्यासाठी ठेवलेलं भोक त्यांच्या कानापेक्षा बरंच खाली आहे, त्यामुळे प्रत्येक अर्जदार त्यांच्यापुढे आपोआप वाकतो. मी वाकून म्हणालो, "पोर्टेबल यंत्र हवं होतं."

"कुठे नेणार?"

"घरी. म्हणजे गच्चीवर."

"मग नाही मिळणार."

"पण ते पोर्टेबल आहे ना?"

"पोर्टेबल म्हणजे हलवता येईल असं," ते शांतपणे म्हणाले. "हलवावं असं कुठे लिहिलंय?"

मी विमा कंपनीत दावे तपासतो. कागद अपुरा म्हणून लोकांचे दावे परत पाठवणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे. त्यामुळे मला हे बोलणं परकं वाटलं नाही. उलट एखाद्या अनोळखी गावात आपल्या आडनावाचा माणूस भेटावा तसं वाटलं. मी त्यांना विचारलं की कोणत्या कागदावर देता येईल. तेही खुलले. यंत्र फक्त 'प्रक्षेत्र चाचणी'साठी बाहेर जातं, म्हणजे आमचा वाफा आधी शेत म्हणून नोंदवायला हवा होता. मी तिथेच बसून अर्ज भरला. क्षेत्र हेक्टरमध्ये लिहायचं होतं. दशांशचिन्हानंतर शून्यं लिहिता लिहिता रकाना संपला, तेव्हा पुढचं मी समासात लिहिलं. सिंचनाचं साधन: बादली. जवळची ओळखीची खूण: लिफ्टची खोली. जंगली जनावरांचा उपद्रव: इथे माझा हात क्षणभर थबकला, पण मी 'नाही' लिहिलं.

भांडारपालांनी अर्ज दोनदा वाचला. "असा पूर्ण भरलेला अर्ज मी फार वर्षांनी बघतोय," ते म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला. यंत्र सोमवारी परत आणायचं होतं. घरी येताना बसमध्ये मी ते मांडीवर घेऊन बसलो होतो आणि शेजारचा माणूस त्यात जेवण आहे असं समजून सारखा माझ्याकडे बघत होता.

तुलनेसाठी प्रत्येक वाफ्यातलं एक पान लागेल, असं भाचीनं सांगितलं होतं. मी फलकावर तशी विनंती लावली. शनिवारी दुपारी पानं आली, आणि ती पाहून यंत्र चालवायला आलेल्या भाचीनं कपाळाला हात लावला. आमच्या सोसायटीत आपल्या घराचं रोगट पान चारचौघांत कोण पाठवणार? प्रत्येकानं आपल्या वाफ्यातलं सर्वांत देखणं पान निवडलं होतं. समोरच्या वहिनींनी ते धुऊन, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवलं होतं. ताईंच्या पानाला तेलाचा हात फिरवलेला दिसत होता. सेक्रेटरींचं पान तर हिरवंगार, तळहाताएवढं, चकचकीत होतं. भाचीनं त्याचा वास घेतला आणि म्हणाली, "काका, हा टोमॅटो नाही. हा दिवाणखान्यातला मनीप्लांट आहे." रोगट पान एकट्या बायकोनं दिलं होतं, तेही वाफ्यातलं सर्वांत वाईट शोधून.

"ही काही सौंदर्यस्पर्धा नाही," भाची म्हणाली. "उद्या सगळी पानं मी स्वतः तोडते. आज फक्त मावशीचं बघू."

आणि इथे मी नडलो. यंत्र माझ्या शब्दावर आलं होतं, अर्ज मी भरला होता, तेव्हा पान कुटण्याचा मान माझाच असं मी जाहीर केलं. प्रयोग पारदर्शक व्हावा म्हणून मी इमारतीला निमंत्रणही दिलं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती दाटी झाली. लॅपटॉपवरचं सगळ्यांना दिसावं म्हणून भाचीनं तो टीव्हीला जोडला. मी खुर्चीवर मांडी घालून, छोट्या नळीत पानाचा तुकडा घेऊन, काडीनं कुटू लागलो. विचार करताना माणसाचा एक हात कुठे ना कुठे जातो. कोणाचा हनुवटीवर जातो, कोणाचा डोक्यावर. माझा कुठे गेला होता ते मला तेव्हा कळलं नाही.

यंत्र वाचू लागलं. टीव्हीवर एकेक नाव उमटू लागलं. पहिलं टोमॅटो. लोकांनी समाधानानं माना डोलावल्या. यंत्राला विषय कळला होता. मग यीस्ट आलं.

"यीस्ट?" सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे तीच बुरशी?"

"मी सकाळी याच टेबलावर पावाचं पीठ मळलं," बायको म्हणाली.

मग एक लांबलचक नाव आलं, ट्रायकोफायटन का असंच काहीतरी. ते वर वर चढत टोमॅटोच्या खालोखाल जाऊन बसलं. भाचीनं घाईनं लॅपटॉपकडे हात नेला, पण विश्वकोश अशा वेळी उशीर करत नाहीत.

"हा वनस्पतीचा रोग नव्हे," त्यांनी चष्मा वर करून सभेला सांगितलं. "ही माणसाच्या कातडीवरची बुरशी. सामान्य भाषेत, चिखल्या. पायाच्या बोटांच्या बेचक्यात होतात त्या."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू खाली उतरल्या. मी मांडी घातलेली होती, त्यामुळे माझी पावलं टेबलाच्या उंचीवर, जवळजवळ प्रदर्शनात मांडल्यासारखी होती, आणि डावा हात अजून तिथेच होता.

"काका," भाची दबक्या आवाजात म्हणाली, "हातमोजे घाला म्हणाले होते ना मी?"

"अरेच्चा!" सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे मर मालकाला लागलीय!"

लोक हसले. मी हसलो असतो, पण त्यासाठी आधी मांडी सोडायला हवी होती आणि ते त्या क्षणी शक्य नव्हतं. जाताना प्रत्येकानं आपापल्या चपला नीट निरखून घातल्या. तासाभरात पायांबद्दल सल्ले यायला लागले, आणि तेही तेच: साबणाचं पाणी, राख. प्रेमाने बोला असं मात्र कोणी म्हणालं नाही. मी इतकी वर्षं या इमारतीत अब्रूनं राहिलो, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आता माझ्या बोटांच्या बेचक्यांची माहिती लिफ्टच्या उपसमितीलाही झाली होती.

बायको मात्र हसली नाही. तिचं लक्ष भाचीकडे होतं. "मर दिसली का त्यात?" तिनं विचारलं. भाची म्हणाली, "मावशी, त्यात काकाच इतके आहेत की दुसरं काही वाचताच येत नाही."

रविवारी सकाळी गच्चीवर गेलेली बायको धावत खाली आली. इतके जिने ती धावत उतरली होती याचाच मला धक्का बसला. तिच्या तळहातावर एक टोमॅटो होता. लाल. बाकी झाडांवर फुलं आणि मुगाएवढे हिरवे मणी. पिकलेलं हे एकच. "पहिलं," ती म्हणाली, एवढंच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिनं ते पुसलंही नाही. भाचीनं फळाच्या सालीवरून कापसाची काडी फिरवून घेतली, पानांबरोबर हेही तपासू म्हणाली. मग हातमोजे घालून तिनं गच्चीवरच्या सगळ्या वाफ्यांतली खरी पानं तोडून आणली. मला यंत्रापासून दोन खुर्च्या लांब बसवलं.

सभा सोसायटीच्या कचेरीत होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलावर यंत्र आणि यंत्राशेजारी वाटीत तो टोमॅटो. मी नवे मोजे घालून गेलो होतो. तरी समोरच्या वहिनींनी "पाय कसा आहे?" असं विचारलंच. सेक्रेटरींनी इतिवृत्त वाचलं, मागच्या इतिवृत्तात न लिहिलेल्या गोष्टींचं इतिवृत्त वाचलं, आणि तोवर यंत्राचं काम झालं.

भाची उभी राहिली. "मावशीच्या वाफ्यात करपा आहे," ती म्हणाली. "मर नाही. एका नमुन्यातही नाही. रोगट पानं काढली आणि औषध दिलं तर झाडं वाचतील. फळ स्वच्छ आहे." बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं. लग्नातसुद्धा तिनं ते एवढं घट्ट धरलं नव्हतं.

"आणखी एक," भाची पुढे म्हणाली. "करपा सगळ्याच वाफ्यांत आहे. सुरुवात कुठून झाली ते मला सांगता येणार नाही. पण एका झाडावरून दुसऱ्यावर काहीतरी रोज फिरतंय. तुमच्यात कोणी एकच कात्री सगळीकडे वापरतं का?"

तिनं अगदी निरागसपणे विचारलं होतं. सेक्रेटरींचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. सबंध सभा त्या खिशाकडे बघत होती. आदल्या दिवशी सगळे माझ्या पायाकडे बघत होते, आज खिशाकडे. मला बरं वाटलं हे मी लपवणार नाही.

माणूस कोंडीत सापडला की आवाज चढवतो. सेक्रेटरी म्हणाले, "ते यंत्र काल पायाची बुरशी दाखवत होतं, आज काय वाटेल ते दाखवेल! एवढा भरवसा असेल तर खा ते फळ. खाऊन दाखवा सगळ्यांसमोर!"

"हो हो, दाखवतो की!" मी म्हणालो.

आता याचं स्पष्टीकरण मी अनेकदा दिलं आहे आणि घरात ते एकदाही मान्य झालेलं नाही. कालपासून माझी अब्रू जिन्याजिन्यांत विखुरलेली होती. ती गोळा करायची संधी समोर वाटीत ठेवलेली होती, लाल, एका घासात मावणारी. फळ पहिलं आहे, बियांचं आहे, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि आठवणं यांत फरक आहे. मी दोन ढांगांत टेबलापाशी गेलो, टोमॅटो उचलला, सभेला नीट दिसेल असा वर धरला आणि तोंडात टाकला. बायको उठून काही म्हणणार, तेवढ्यात दार उघडलं.

दारात सोसायटीचा माळी उभा होता. हातात फावडं, मागे दोन गच्च भरलेली पोती. "साहेब, झालं," तो सेक्रेटरींना म्हणाला. "फुलीवाला वाफा साफ केला. झाडं बारीक कापली, माती पण भरली. रविवारी सकाळी करायचं म्हणाला होतात."

ठराव मंजूर होणारच म्हणून सेक्रेटरींनी काम आधीच सांगून ठेवलं होतं. निकाल लागेपर्यंत थांब, असं माळ्याला नंतर सांगायला ते विसरले होते. वर आमच्या वाफ्यात आता विटांची कड तेवढी उरली होती.

मी दात आवळले. टोमॅटो फुटला. रस घशाच्या दिशेनं निघाला.

"गिळू नका!" बायको ओरडली.

असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी जागच्या जागी थिजलो. गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले, आणि जिभेखाली सासूबाई. काय झालंय ते बायकोनं सगळ्यांना तुटक तुटक सांगितलं: पुडी संपली, झाडं गेली, आईचं बी आता एवढंच. आणि मग त्या कचेरीत जे घडलं ते कुठल्याही इतिवृत्तात बसणारं नाही. सगळी सभा माझ्या घशाकडे टक लावून बसली.

"नाकानं श्वास घ्या," ताई म्हणाल्या.

"मान पुढे. पुढे!" समोरच्या वहिनी म्हणाल्या. "मागे अजिबात नको."

"गिळण्याची क्रिया ही प्रतिक्षिप्त असते," विश्वकोश म्हणाले. "त्याबद्दल विचार केला की ती होतेच." त्यांच्या पत्नीनं त्यांना खाली बसवलं.

"काका, मला बघा," भाची म्हणाली. "फक्त माझ्याकडे बघा."

आणि सेक्रेटरी? त्यांनी आपला चहाचा कप खिडकीतून बाहेर रिकामा केला, रुमालानं आतून पुसला आणि धावत माझ्या हनुवटीखाली धरला. "वहिनी," ते म्हणाले, "चुकलं माझं. झाडांचंही आणि कात्रीचंही. तुम्ही म्हणाल ते मी करीन." आमच्या सोसायटीच्या इतिहासात सेक्रेटरींनी चूक कबूल केल्याचा हा पहिला प्रसंग. याला द्यायचं उत्तर मी कित्येक वर्षं मनात घोळवून तयार ठेवलं होतं, आणि नेमकं तेव्हा माझं तोंड भरलेलं होतं. मी नुसतं "म्म्" केलं. त्यावर सगळे एकदम म्हणाले, "बोलू नका!"

बायकोनं तो कप हलकेच बाजूला केला. "गरम आहे हा, बी भाजेल," ती म्हणाली आणि तिनं आपली ओंजळ माझ्या तोंडाखाली धरली. चारचौघांत बायकोच्या ओंजळीत थुंकण्याची वेळ कोणत्याही सभ्य माणसावर येऊ नये. मी डोळे मिटले आणि थुंकलो. उघडले तेव्हा सगळे उभे होते, आणि बायको ओंजळ छातीशी धरून दाराकडे चालली होती. माळ्यानं फावडं बाजूला घेऊन तिला वाट करून दिली.

घरी आल्यावर तिनं सगळं गाळणीत ओतलं, पाण्याच्या हलक्या धारेखाली धुतलं आणि एकेक बी बोटाच्या टोकावर घेऊन पांढऱ्या कागदावर मांडलं. मी खिडकीपाशी खुर्चीत गुपचूप बसलो होतो. मला फार वाईट वाटत होतं. चिखल्यांचं नाही, सभेचंही नाही. तिनं एका पुडीखेरीज आईचं काहीच मागितलं नव्हतं, आणि तेही मी चावलं होतं. तसं मी तिला म्हणालोदेखील. कागदाकडे बघून तिनं मनातल्या मनात बिया मोजल्या, टॉर्च आणली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आ करा."

मी आ केला. तिनं टॉर्च आत धरली, माझी हनुवटी वर केली, या गालात बघितलं, त्या गालात बघितलं.

"अजून मोठा. हां. आता हलू नका," ती म्हणाली. "आई तुमच्या दाढेत अडकलीय."

आणि मग तिला आपल्याच बोलण्याचं हसू फुटलं. ती हसत हसत खाली बसली, टॉर्च तिच्या मांडीवर पडली, आणि हसता हसता ती रडायला लागली. आई गेल्यापासून साठलेलं सगळं रडली. मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, तो मी ठेवला. पण तोंड मिटलं नाही. मिटा असं ती अजून म्हणाली नव्हती.